वेचणाऱ्यांचा रकाना

तर मंडळी, आबांच्या कापसाच्या वह्या एकदाच्या संगणकात गेल्या. अकोटच्या घरी माळ्यावरच्या ट्रंकेत होत्या त्या. १९५५ ते १९८९, तीनशेवर नोंदी. एकेक हाताने टाकायची म्हटलं तर दिवाळी उजाडली असती. म्हणून आधी सगळं एका तक्त्यात टाइप केलं आणि कोडला सांगितलं, बाबा रे, एकेक ओळ घे आणि वर्डप्रेसमध्ये तिची नोंद कर.

ते काम सोपं निघालं. 'डब्ल्यूपी इन्सर्ट पोस्ट' या फंक्शनला शीर्षक, तारीख आणि मजकूर दिला की नोंद तयार होते आणि तिचा क्रमांक परत मिळतो. पण कापसाच्या नोंदीला तेवढं पुरत नाही. वजन कुठे लिहायचं? भाव कुठे? त्यासाठी कस्टम फील्ड, म्हणजे आपण ठरवलेले जादा रकाने. पूर्वी नोंद झाल्यावर तिचा क्रमांक धरून एकेक रकाना वेगळा जोडावा लागे. डिसेंबर २०१५ मध्ये आलेल्या ४.४ या आवृत्तीपासून 'मेटा इनपुट'मध्ये सगळे रकाने नोंदीसोबत एकदमच देता येतात.

ज्यांना हे करायचंय त्यांच्यासाठी दोन गोष्टी. या रकान्यांत आकडासुद्धा मजकूर म्हणूनच साठतो. त्यामुळे साध्या क्रमवारीत १० हा ९ च्या आधी येतो. 'आकडा समजून लाव' असं वेगळं सांगावं लागतं. आणि देवनागरी आकडे त्या कोडला आकडे वाटतच नाहीत, त्यांची किंमत तो शून्य धरतो! म्हणून हिशेबाचे आकडे इंग्रजी लिपीत ठेवले. शिवाय आबांच्या जुन्या वह्यांत मण आहे, पुढे क्विंटल. मग वजनाशेजारी 'एकक' हा रकाना आलाच. 'कोणाला दिला' हाही केला, कारण १९७२ साली कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली आणि अडत्याच्या नावाची जागा सरकारी खरेदीने घेतली.

इथवर सगळं आबांच्या वहीतलंच होतं. पण जवळजवळ प्रत्येक नोंदीच्या शेवटी एक ओळ आहे: 'वेचाई, बाया ६'. कधी ८, कधी ११. अडत्याचं नाव आहे, गाडीवानाचं आहे, एका बैलाचंसुद्धा आहे. बायांचा नुसता आकडा.

मी एक रकाना वाढवला. 'वेचणाऱ्या'.

मग आत्याला फोन लावला. ती म्हणाली, "काऊन रे बाप्पा, तुले कायले पाह्यजेत त्याईचे नावं?" आणि मग पाऊण तास थांबली नाही. पहिल्या वेच्याला सीतादही व्हायची, दहीभात कोण करून आणायचं, तान्हं लेकरू धुऱ्यावर झोपवून ओळ कोण धरायचं, ओटीतला कापूस कोणाचा सगळ्यांत जास्त भरायचा. चौदा नावं मिळाली. त्यांत एक नाव आमच्या आजीचं. ती त्या सहांत, आठांत मोजलेली होती हे घरात कोणी कधी बोललं नव्हतं. "आमीच त येचत होतो ना," आत्या म्हणाली, जणू मीच काहीतरी खुळ्यासारखं विचारलं.

एका नोंदीला अनेक नावं असली तर 'अ‍ॅड पोस्ट मेटा' वापरायचं, ते आधीच्या नावाशेजारी नवं ठेवतं. 'अपडेट पोस्ट मेटा' जुनं काढून त्या जागी नवं घालतं. जिथे नाव मिळालं नाही तिथे रकाना कोरा न ठेवता 'नाव मिळालं नाही' असंच लिहिलं. कोरा रकाना आणि नसलेला रकाना वाचताना सारखाच दिसतो, आणि मला शोधताना ती जागा सापडायला हवी. रकान्याच्या नावाआधी अंडरस्कोअर लावला तर तो संपादनाच्या पानावरून लपतो. तो मुद्दाम लावला नाही.

रकाने कोणीतरी ठरवत असतं, एवढं मात्र यातून पक्कं डोक्यात बसलं. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम आहे. आया त्याआधीही होत्याच. नावाच्या क्रमात त्यांना जागा नव्हती.

असो. ती नावं मी इथे देत नाहीये, आधी त्यांच्या घरच्यांना विचारायचंय. पण काकू, मावशी, दादा, जे कोणी वाचताय त्यांना विनंती: पोपटखेड रस्त्याच्या वावरात १९६० ते ७० दरम्यान कोण वेचायला यायचं, हे आठवत असेल तर फोन करा. आत्या आता ८४ वर्षांची आहे, आणि अजून दोनशे सतरा नोंदींत 'नाव मिळालं नाही' असं लिहिलेलं आहे.