दुखण्याची वही

जयपूर शहराच्या नैर्ऋत्येला राजस्थान गृहनिर्माण मंडळाने वसवलेली मानसरोवर ही विस्तीर्ण वसाहत आहे. नाव कैलासाजवळच्या सरोवराचे. प्रत्यक्षात दिसतात ती रांगेने उभी असलेली घरे, मध्यम मार्गावरची दुकाने आणि शिप्रा पथ, स्वर्ण पथ, रजत पथ अशी रस्त्यांची देखणी नावे. नोकरीच्या निमित्ताने दूरदूरची कुटुंबे येथे येऊन स्थिरावली. अशाच एखाद्या मराठी घरातील सतरा वर्षांची मुलगी डोळ्यांसमोर आणावी.

ती अभ्यासात बरी आहे. दर महिन्याला मात्र तिचे दोन-तीन दिवस जणू कोणी चोरून नेते. पाळीच्या आदल्या दिवसापासून ओटीपोटात कळा सुरू होतात, कंबर भरून येते, मांड्यांपर्यंत ओढ लागते. ती गुडघे पोटाशी घेऊन भिंतीकडे तोंड करून पडून राहते. शाळेत चिठ्ठी जाते ती हिंदीत. तिच्यात दर वेळी एकच शब्द असतो, 'पेटदर्द'. अशा अकरा-बारा चिठ्ठ्या साठल्यावर वर्गशिक्षिकेला त्या बहाण्यासारख्या वाटू लागतात. शेवटी हजेरी अपुरी पडते, शाळा सुटते आणि मुलगी मुक्त विद्यालयाचे पुस्तक घेऊन घरी अभ्यासाला बसते. या पुस्तकाच्या वाचकांपैकी काहींना हा रस्ता परिचयाचा असेल.

घरात तिच्या दुखण्याला उत्तर नाही असे नाही. उलट उत्तरे फार आहेत. आजी ओव्याची फक्की देते. मावशी फोनवर सांगते, "लग्न झालं की आपोआप थांबेल." आई कपाळावरून हात फिरवीत म्हणते, "अगं, मलाही असंच व्हायचं. बाईच्या जातीला हे चुकत नाही." या वाक्यात माया आहे, यात शंका नाही. परंतु त्याच वाक्याने दार बंदही होते. जे सर्वांना होते त्याची तक्रार कोणी करायची?

पाळीच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशी थोडे दुखणे, शेकल्याने किंवा साध्या गोळीने ते निवळणे, हे अनेकींच्या बाबतीत घडते. मात्र जे दुखणे शाळा, काम किंवा झोप हिरावून घेते, महिन्यागणिक वाढते, पाळी संपल्यावरही रेंगाळते, शौचाच्या किंवा लघवीच्या वेळी टोचते, विवाहितेला शरीरसंबंधाच्या वेळी सतावते, ते दुखणे नेहमीचे मानू नये.

अशा दुखण्यामागे बीजकोशातील गाठ असू शकते. स्त्रीच्या दोन बीजकोशांत दर महिन्याला बीजाभोवती पाण्याची एक छोटी पिशवी तयार होते, ती फुटून बीज बाहेर पडते. कधी ती फुटत नाही आणि वाढते. अशा बहुतेक गाठी दोन-तीन महिन्यांत आपोआप विरतात. अनेकींना त्या कळतही नाहीत. एंडोमेट्रिओसिस हा आजार मात्र वेगळा आहे. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखी पेशीजाळी या आजारात गर्भाशयाबाहेर, म्हणजे बीजकोशांवर, आतड्यांवर, ओटीपोटाच्या पडद्यावर रुजते. पाळीच्या दिवसांत तीही सुजते व रक्त सोडते. पण त्या रक्ताला बाहेर पडायला वाट नसते. आतल्या आत दाह होतो, अवयव एकमेकांना चिकटतात. बीजकोशात जुने रक्त साठून दाट तपकिरी होते, म्हणून त्या गाठीला डॉक्टर 'चॉकलेट सिस्ट' म्हणतात. एवढ्या वेदनेला इतके गोड नाव देणाऱ्याने रुग्णाला विचारले नसावे! अमेरिकेतील जॉन सॅम्पसन या शल्यचिकित्सकाने 1920 च्या दशकात या आजाराचा पद्धतशीर अभ्यास केला. पाळीचे काही रक्त उलट दिशेने पोटात जाते व त्यातील पेशी तेथे रुजतात, असे त्यांचे मत होते. ते आजही विचारात घेतले जाते, परंतु त्याने सारे कोडे उलगडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे 19 कोटी स्त्रिया व मुली, म्हणजे प्रजननक्षम वयातील दहांपैकी सुमारे एक, या आजाराने ग्रस्त आहेत.

तरीही तो ओळखला जायला कित्येकदा वर्षे लागतात. हिलरी मँटेल ही इंग्रज कादंबरीकार दोन वेळा बुकर पारितोषिकाची मानकरी ठरली. तरुणपणी तिच्या वेदनांवर डॉक्टरांनी मानसिक आजाराची औषधे दिली होती. पुढे आफ्रिकेतील बोट्स्वाना देशात राहत असताना तिने वैद्यकाचे एक पुस्तक उघडले आणि त्यात स्वतःचा आजार ओळखला. 1979 साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, लंडनमध्ये तिच्यावर मोठी शस्त्रक्रिया झाली. तिला मूल होण्याची शक्यता त्याबरोबर संपली. वेदनाही पुढे पूर्णपणे थांबल्या नाहीत.

आपल्याकडे न बोलण्याचे वजन किती, ते गडचिरोलीत दिसले. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी तेथील दोन खेड्यांतील 650 स्त्रियांची तपासणी केली आणि निष्कर्ष 1989 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास होता. त्याआधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या 8 टक्के. त्या अभ्यासाचा विषय एंडोमेट्रिओसिस नव्हता; जंतुसंसर्गाचे आजार त्यात बरेच होते. पण आजार घरोघर असताना तो कुणालाच दिसत नाही, हे त्या दोन आकड्यांइतके स्वच्छ क्वचितच कोणी दाखवले असेल.

मानसरोवरातील मुलीला पुस्तक नव्हे, वही उपयोगी पडते. तीत ती तारीख लिहिते, पाळीचा कितवा दिवस ते लिहिते, दुखण्याला शून्य ते दहापैकी किती गुण द्यावेत ते लिहिते. नंतर शब्द शोधू लागते. 'दुखते' एवढ्याने भागत नाही. मराठीत कळ येते, ठणका लागतो, मुरडा पडतो, चमक निघते, रग लागते, आग होते. कळ थांबून थांबून येते, ठणका नाडीबरोबर चालतो, चमक क्षणात जाते. या साऱ्यांची 'पेटदर्द' या एका शब्दात बोळवण झाली होती. तीन महिन्यांनी वही वाचताना तिच्या ध्यानात येते की ठणका पाळीआधी दोन दिवस सुरू होतो आणि नेहमी डाव्या बाजूलाच असतो.

मानसरोवर स्थानकातून मेट्रो निघते ती नवव्या स्थानकावर चांदपोलला पोहोचते. 3 जून 2015 रोजी हा मार्ग सुरू झाला. चांदपोलला स्त्रियांसाठीचे सरकारी जनाना रुग्णालय आहे. अविवाहित मुलीला तपासणीची धास्ती असते, आईला तर तिच्याहून अधिक. म्हणून सांगून ठेवावे की सुरुवात बहुधा प्रश्नांनी आणि पोटावरून केलेल्या सोनोग्राफीने होते. तीत चॉकलेट सिस्ट बहुधा दिसते. पसरलेले लहान ठिपके मात्र दिसतीलच असे नाही. म्हणून सोनोग्राफी निर्दोष आली तरी दुखणे खोटे ठरत नाही.

हा आजार समूळ जाईल असे औषध आज नाही, त्याला काबूत ठेवणारे उपाय आहेत. गरम पाण्याची पिशवी खरोखरच उपयोगी पडते. डॉक्टरांच्या सल्ल्याने वेदनाशामक गोळी दुखणे शिगेला पोहोचण्याआधी, काही खाऊन घ्यावी. संप्रेरकांच्या गोळ्यांनी पाळी हलकी होते किंवा काही काळ थांबते. त्या 'कुटुंबनियोजनाच्या' म्हणून घरात कुजबुज होते, पण येथे त्या औषध असतात. गाठ मोठी असल्यास दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करतात. ती पुन्हा होऊ शकते, आणि बीजकोशाला इजा पोहोचू शकते, म्हणून घाई करीत नाहीत. लग्न किंवा बाळंतपण हा उपचार नव्हे. एकाएकी असह्य कळ येऊन उलट्या झाल्या, ताप चढला किंवा भोवळ आली, तर मात्र उद्याची वाट पाहू नये. गाठ पिळली किंवा फुटली असण्याचा तो इशारा असतो.

डॉक्टरीणबाई वही चाळतात, एक-दोन पानांवर थांबतात, मग मान वर करून आईला विचारतात, "घरात आणखी कुणाला असा त्रास होता?" हा आजार आई किंवा बहिणीला असल्यास मुलीला होण्याची शक्यता वाढते, हे आईला ठाऊक नसते. ती पर्सचा पट्टा बोटांनी गुंडाळीत क्षणभर गप्प बसते. मग हिंदीत, अडखळत, आपल्या सोळाव्या वर्षापासूनचे सांगू लागते. मुलगी तिच्याकडे पाहत राहते. यातले पुष्कळसे ती प्रथमच ऐकत असते.