सूनबाईचं सॉफ्टवेअर आणि माझं जळालेलं रजिस्टर



यंदा दिवाळीला मुलगा-सून पुण्याहून बालाघाटला आले. मुलाला सुट्टी होती, सूनबाईला नव्हती. ती रोज ओसरीवर लॅपटॉप घेऊन बसायची. हिने चिन्नोरचा भात केला तरी जेवायला हाका माराव्या लागायच्या. एकदा मी विचारलंच, "काय लिहितेस गं एवढं?"

"बाबा, एका टूलची माहितीपुस्तिका. कंपनीच्या सॉफ्टवेअरमधला नको झालेला कोड सुरक्षितपणे काढून टाकणारं टूल आहे."

मी जुना बी.कॉम., जन्म बँकेत गेलेला. पण 'काढून टाकणं' म्हटल्यावर कान टवकारले. तिने समजावलं ते असं. मोठ्या कंपन्या सॅप नावाचं जर्मन सॉफ्टवेअर वापरतात. हिशेब, खरेदी, पगार, सगळं त्यात. प्रत्येक कंपनी त्यात आपल्या सोयीचे प्रोग्रॅम जोडत जाते, त्यांची नावं झेड किंवा वायने सुरू होतात. वीस वर्षांत असे हजारो साठतात. लिहिणारे नोकरी सोडून गेलेले असतात आणि कुठला कशासाठी होता हे कुणालाच ठाऊक नसतं. आता जुन्या आवृत्तीचा मुख्य सपोर्ट २०२७ अखेर संपतोय, म्हणून सगळे नव्या आवृत्तीवर चाललेत. घर बदलताना माळ्यावरची अडगळ कोण नेतो?

टूल काय करतं, तर कुठला प्रोग्रॅम कधी चालला याची नोंद बघतं. मग दुसरा कुठला प्रोग्रॅम त्याला हाक मारतो का ते शोधतं. दोन्हीकडे काही नाही सापडलं की त्याचं नाव यादीत. काढायचं तेही एकदम नाही. आधी बनवण्याच्या सिस्टिममधून, मग चाचणीच्या, शेवटी चालू कारभाराच्या. हे मला आवडलं. आमच्याकडेही एकाने व्हाउचर करायचं आणि दुसऱ्याने पास करायचं.

"नोंद किती दिवसांची बघता?" मी विचारलं.

"उदाहरणात नव्वद दिवस घेतलेत."

"मग ३१ मार्च कुठे गेला?"

ती थांबली. बँकेत काढलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. आमचं वर्ष पूर्वी ३१ डिसेंबरला संपायचं, १९८९ पासून मार्चअखेर झालं. त्या एका रात्रीसाठी काही पुस्तकं अशी असत, जी उरलेलं वर्षभर कुणी हातात धरत नसे. ऑगस्टात पाहणारा म्हणेल, ही रद्दीच. निदान वर्षभराची नोंद हवी, आणि त्यात वर्षअखेर यायला हवी. तिने लगेच दुरुस्त केलं. मग म्हणाली, "अजून एक अडचण आहे बाबा. कधीकधी प्रोग्रॅमचं नाव कोडमध्ये लिहिलेलंच नसतं. ते एखाद्या तक्त्यात असतं आणि चालताना तिथून उचललं जातं. आमच्या शोधात ते दिसत नाही."

आणि मंडळी, मी घरात कधीच न सांगितलेली गोष्ट तिला सांगितली.

नव्वदच्या दशकातली. आपल्याच जिल्ह्यातल्या एका तहसिलीच्या गावची शाखा होती, बँकेचं नाव राहू द्या. जुनं रेकॉर्ड नष्ट करायचा हुकूम आला. १९८५ च्या नियमांप्रमाणे काही पुस्तकं पाच वर्षं, काही आठ वर्षं जपायची, कर्जाच्या तारणाचे कागद तर सोडवून परत जाईपर्यंत. यादी झाली, तिघांच्या सह्या झाल्या, त्यात एक माझी. मागच्या अंगणात सगळं जाळलं. त्यात एक जुनं रजिस्टर गेलं. नवं सुरू झालं होतं, त्यामुळे त्याला कित्येक महिने हात लागला नव्हता. पण जुन्या नोंदी नव्यात उतरवायच्या राहिल्या होत्या. तिजोरीत शेतकऱ्यांच्या कागदांची पाकिटं होती आणि त्यांवर फक्त नंबर. कुठला नंबर कुणाचा, हे त्या रजिस्टरात.

पुढच्याच महिन्यात एक शेतकरी आला. कर्ज फिटलेलं, हातात पावती. "साहब, कर्जा तो चुका दिया, किताब दे दो." किताब म्हणजे ऋण पुस्तिका. आपल्या मध्य प्रदेशात तेव्हा जमिनीच्या व्यवहाराला ती लागायचीच. मुलीचं लग्न ठरलं होतं, एक तुकडा विकायचा होता, गिऱ्हाईक तयार होतं. आम्ही एकेक पाकीट फोडून, दोघांच्या समोर पुन्हा सील करत बसलो. रोजचं काउंटर सांभाळून तीन आठवडे लागले. तो दर दोन दिवसांनी सायकलवर यायचा, बाकावर बसायचा आणि पाणी पिऊन जायचा. आवाज चढवला नाही कधी. चढवला असता तर बरं वाटलं असतं.

सूनबाईने बराच वेळ काही टाइप केलं नाही. मग आम्ही दोघांनी बसून एक भाग वाढवला. काढण्याआधी प्रोग्रॅमला कुलूप घालायचं. कुणी चालवायला गेलं तर तो अडेल आणि नोंद होईल. वर्षभर कुणाची ओरड आली नाही, तरच काढायचं. आपल्याकडे दोन वर्षं व्यवहार नसला तर खातं निष्क्रिय होतं, दहा वर्षांनी पैसे रिझर्व्ह बँकेच्या फंडात जातात, २०१४ पासून ही पद्धत आहे. तरी वारस आला तर त्याला मिळतात. तशी काढलेल्या कोडची प्रत यादीसकट ठेवायची. यादीखाली मंजुरी देणाऱ्या माणसाचं नाव हवं, नुसता 'टीम' असा शब्द चालणार नाही.

आणि सगळ्यात आधी, टूल कसं बसवायचं याच्याही आधी, एक पान: 'हे टूल काय पाहू शकत नाही'. तिचे साहेब म्हणाले, हे मागे टाका, गिऱ्हाईक घाबरेल. तिने पुढेच ठेवलं.

"बाबा, किताब मिळाली त्यांना?"

"मिळाली. पाकीट नंबर २१७. पण तोवर गिऱ्हाईक फिरलं होतं. नंतर कमी भावात विकली त्याने."

"आईंना माहीत आहे हे?"

मी नाही म्हणून मान हलवली आणि वर पाहिलं, तर ही चहाचे कप घेऊन दारातच उभी होती.