नळ्यांची नावनिशी

भूलतज्ज्ञाच्या ट्रॉलीवर मांडलेल्या साहित्याची नावे मी प्रथम ऐकली, तेव्हा ती एखाद्या शास्त्राची परिभाषा न वाटता जुन्या दफ्तरातील नावनिशी वाटली. कारण तीत मॅगिलचा चिमटा होता, मॅकिंटॉशचे पाते होते, गुडेलचा एअरवे होता, आणि नळीच्या टोकाशी बाजूने पाडलेल्या छिद्राला तर ‘मर्फीचा डोळा’ अशी संज्ञा होती. पहिल्या महायुद्धात चेहरे छिन्नविच्छिन्न झालेल्या सैनिकांवर इंग्लंडमधील सिडकप येथे हॅरॉल्ड गिलीज शस्त्रक्रिया करीत, त्या वेळी त्यांच्या हातांना मोकळीक मिळावी म्हणून आयव्हन मॅगिल यांनी श्वासनलिकेत नळी घालण्याचे तंत्र विकसित केले. रॉबर्ट मॅकिंटॉश यांचे वक्र पाते १९४३ साली आले. ही नावे त्या माणसांचे ऋण सांगतात. वस्तूचे काम मात्र सांगत नाहीत, ते ज्याचे त्याने शिकून घ्यावे लागते.

मुंबईतील एका सार्वजनिक रुग्णालयात शिकत असताना नावांपेक्षाही आकड्यांनी मला सावध केले. श्वासनलिकेतील नळीचा क्रमांक म्हणजे तिच्या पोकळीचा मिलिमीटरमधील व्यास, म्हणून चारची नळी सुमारे वर्षभराच्या बाळाची. लॅरिंजियल मास्कचा क्रमांक वजनावरून ठरतो, म्हणून चारचा मास्क ५० ते ७० किलोंच्या प्रौढाचा. गुडेलचा चार म्हणजे दहा सेंटिमीटर लांबीचा एअरवे, आणि मॅकिंटॉशचे चार म्हणजे धिप्पाड माणसासाठी काढायचे लांब पाते. आमच्या थिएटरमधले मामा प्राध्यापकांच्या कित्येक बदल्या पाहिलेले गृहस्थ, एखाद्या नवख्या निवासी डॉक्टरने घाईत “मामा, चार नंबर द्या” म्हटले, की ते शांतपणे विचारीत, “चार काय, मॅडम?” आणि वस्तूचे नाव ऐकल्याखेरीज पाकीट फोडीत नसत. कोणत्याही लेखी हुकमाविना तो शिरस्ता त्या खोलीत चालू होता, आणि पुढे मी जिथे जिथे काम केले तिथे तिथे तो मी बरोबर नेला.

लॅरिंजियल मास्कची हकीकत याहून गुंतागुंतीची आहे. लंडनच्या व्हाइटचॅपल भागातील लंडन हॉस्पिटलमध्ये आर्ची ब्रेन यांनी १९८१ साली तो प्रथम वापरला, १९८३ मध्ये त्यावरील निबंध प्रसिद्ध झाला, आणि १९८८ पासून तो बाजारात मिळू लागला. स्वरयंत्राच्या आत न शिरता त्याच्या दारावर बसणाऱ्या या साधनाचे ‘एलएमए’ हे नाव इतके रूढ झाले, की डालडा म्हणून कोणतेही वनस्पती तूप मागावे, तसे त्या जातीच्या प्रत्येक साधनाला तेच नाव मिळाले. वास्तविक पुढच्या पिढीच्या प्रोसील किंवा आय-जेल या साधनांत जठरातील द्रव बाहेर काढण्यासाठी स्वतंत्र मार्ग असतो, पहिल्या मास्कमध्ये तो नसतो; आय-जेलच्या कडेत तर हवाही भरावी लागत नाही. पोट रिकामे असल्याची खात्री नसलेल्या रुग्णाच्या बाबतीत हा भेद केवळ कागदी राहत नाही.

एका जिल्ह्याच्या गावी काम करीत असताना पित्ताशयाच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या एका प्रौढ बाईंजवळ, दुसऱ्या ठिकाणी पूर्वी झालेल्या शस्त्रक्रियेचा कागद होता, आणि त्यावर भुलेविषयी एवढाच मजकूर होता: “एलएमए. एअरवे सोपा.” कोणता मास्क, कितव्या क्रमांकाचा, आणि ‘एअरवे’ म्हणजे साधन की श्वासाचा मार्ग, याचा उलगडा त्यातून होत नव्हता, आणि मास्क सहज बसला एवढ्यावरून नळीही सहज जाईल असा दाखला कोणी देऊ शकत नाही, म्हणून त्या दोन शब्दांवर न विसंबता मी सर्व तजवीज हाताशी ठेवली. पाते घालून पाहते तो स्वरद्वार दृष्टीस पडेना, केवळ एपिग्लॉटिसची कड दिसत होती. कॉर्मॅक आणि लेहेन यांनी १९८४ साली केलेल्या वर्गवारीतील ही तिसरी श्रेणी. तेव्हा ‘बुजी’ म्हणून ओळखली जाणारी, टोकाशी किंचित वाकवलेली लांब कांडी त्या कडेखालून पुढे सरकवली, आणि श्वासनलिकेच्या कूर्चांवरून तिचे टोक जाताना बोटांना टकटक असे जाणवले. तिच्यावरून सातची नळी डावीकडे फिरवीत आत नेली, आणि कॅप्नोग्राफच्या पडद्यावर कार्बन डायऑक्साइडचा आलेख उमटला, तेव्हा पुढची शस्त्रक्रिया सुरू झाली.

त्या बाई शुद्धीवर आल्यानंतर मी कागदावर तोंडावर धरायच्या साध्या मास्कने काय साधले, पात्याने काय दिसले, बुजी का लागली आणि नळी कितवी होती हे निरनिराळ्या ओळींत लिहिले, आणि त्यांच्या मुलाला तो कागद जपून ठेवण्यास सांगितले. संक्षेपाने वेळ वाचतो हे खरे. परंतु ज्या संक्षेपाचा अर्थ लिहिणाऱ्यालाच ठाऊक, ती नोंद नव्हे. तरुण सहकाऱ्यांना माझी विनंती अशी, की साधनाचे पूर्ण नाव, क्रमांक आणि अनुभव हे तिन्ही लिहिल्यावाचून भूलपत्रकावर सही करू नये. वाचकांनाही एक सांगणे आहे: आपल्या घरी कुणाची शस्त्रक्रिया झाली तर बिलाच्या पावतीबरोबर भूलपत्रकाची नक्कल मागून घ्यावी, आणि नळी घालण्यास अडचण आली होती असे डॉक्टरांनी सांगितले असेल, तर पुढच्या प्रत्येक भूलतज्ज्ञाला तो कागद न विसरता दाखवावा.