फॉर्म सगळ्यांनीच भरायचा

भिलाईत नेहरूनगरला मी पाळणाघर चालवते. आई-बाप दोघंही कामावर जातात, कुणी प्लांटमध्ये, कुणी बँकेत, कुणी रोज रायपूरला, आणि मुलं संध्याकाळपर्यंत आमच्याकडे असतात. आजी-आजोबा बहुतेकांचे गावाकडेच राहिलेले. पोलाद कारखान्यासाठी वसलेलं हे शहर बाहेरून आलेल्यांचं आहे. विदर्भातले आम्ही, ओडिया, तेलुगू, मल्याळी, बिहारी. शेजारच्याचं घराणं, गाव, मागचंपुढचं कुणाला ठाऊक नसतं. तरी मूल कुणाच्या तरी हाती सोपवावंच लागतं. त्या हातांची चौकशी करणं हे जेवणखाण आणि झोपेच्या वेळा सांभाळण्याइतकंच माझं रोजचं काम आहे.

2024 च्या ऑगस्टमध्ये बदलापूरची बातमी आली. शाळेत सफाईसाठी कंत्राटावर घेतलेल्या माणसावर बालवर्गातल्या दोन मुलींवरच्या अत्याचाराचा आरोप होता, आणि 20 तारखेला संतापलेले लोक रेल्वे रुळांवर उतरले. भिलाईतही त्या पावसाळ्यात एका शाळेच्या फाटकाबाहेर पालक जमले होते. त्या दिवसांत मुलाला न्यायला आलेली जवळजवळ प्रत्येक आई मला विचारायची, व्हॅनच्या ड्रायव्हरचं पोलीस व्हेरिफिकेशन झालंय ना? मावशींचं? झालेलं होतं, कागद दाखवले. चित्रकला शिकवायला येणाऱ्या सरांबद्दल मात्र एकीनंही विचारलं नाही. हे मला फार खटकलं.

कायदा असा भेद करत नाही. पॉक्सो कायदा 2012 चा. त्याचे 2020 चे नियम सांगतात की शाळा, पाळणाघर, क्रीडा अकादमी, मुलांशी नियमित संबंध येणारी कोणतीही संस्था असो, तिथल्या प्रत्येक माणसाची पोलीस पडताळणी आणि पूर्वचौकशी ठरावीक काळानं व्हायला हवी. शिकवणारा असो की न शिकवणारा, कायम असो की कंत्राटी. संशय घेताना आपण मात्र खालून सुरुवात करतो.

आमच्या मावशी खुर्सीपारहून येतात. पहिल्यांदा पोलीस पडताळणीचा फॉर्म पुढे ठेवला तेव्हा त्यांचे डोळे भरले. "मोर नाव थाना मा काबर, दीदी? मैं का करे हंव?" त्यांच्या वस्तीत ठाण्यात नाव जाणं म्हणजे काहीतरी केलेलं असणं. ही भीती खोटी नाही. 2017 मध्ये गुरुग्रामच्या एका मोठ्या शाळेत सात वर्षांच्या मुलाचा खून झाला आणि पोलिसांनी लगेच बसच्या कंडक्टरला पकडलं. पुढे तपास सीबीआयकडे गेला, त्याच शाळेतला मोठ्या वर्गातला विद्यार्थी ताब्यात घेतला गेला आणि कंडक्टर निर्दोष सुटला. त्या गरीब माणसानं मधल्या काळात जे सोसलं ते कोण भरून देणार? त्याच घटनेनंतर सीबीएसईनं शाळांना ड्रायव्हर, कंडक्टर, शिपाई यांच्यासह सगळ्या कर्मचाऱ्यांची पडताळणी करायला सांगितलं होतं.

मी माझा स्वतःचा भरलेला फॉर्म मावशींना दाखवला. माझा फोटो, आधार, मागचे पत्ते, ओळख देणाऱ्या दोन माणसांची नावं. मग माझ्या नवऱ्याचा, कारण तो हिशेबासाठी इथं येतो आणि मुलं त्याला ओळखतात. मावशींनी दोन्ही उलटून-पालटून पाहिले आणि स्वतःच्या फॉर्मवर सही केली. तेव्हापासून नवीन कुणी आलं की त्याच सांगतात, दीदीनं पण भरलाय.

चित्रकलेचे सर आमच्याच मराठी मंडळींतले, चांगल्या घरचे, गणेशोत्सवात पुढे असणारे. फॉर्म पाहून ते दुखावले. "ताई, मला तुम्ही इतकी वर्षं ओळखता." मी म्हटलं, सर, ओळखते म्हणूनच मोकळेपणानं मागते आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांत वर्षानुवर्षं हेच दिसतं की मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या दहातल्या नऊहून जास्त प्रकरणांत आरोपी मुलाच्या ओळखीचा असतो. नातेवाईक, शेजारी, घरोब्याचा माणूस. ओळख ही हमी धरली तर आपण दार नेमकं तिथंच उघडं टाकतो. सर दोन आठवडे आले नाहीत. नंतर फॉर्म भरून घेऊन आले.

पोलीस पडताळणीला मर्यादा आहे. ज्याची तक्रार झाली, गुन्हा नोंदला गेला, तेवढंच तिथं सापडतं. लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंदवही सप्टेंबर 2018 पासून आहे, पण ती पोलिसांसाठी आहे, माझ्यासारखीला ती उघडून पाहता येत नाही. आणि मुलांच्या बाबतीत किती गोष्टी तक्रारीपर्यंत पोहोचतात?

म्हणून मी मागच्या ठिकाणी स्वतः फोन करते. एकदा संगीत शिकवायला एक तरुण आला. आवाज गोड, मुलांशी बोलण्याची हातोटी, पोलिसांचा अहवाल कोरा, आधीच्या शाळेचं अनुभवपत्र उत्तम, वर्तन समाधानकारक वगैरे. फोन लावला. छान मुलगा आहे, घ्या, असं पटकन उत्तर आलं. मी विचारलं, मग तो गेला का? तुम्ही त्याला परत घ्याल का? पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही. मग, "बघा मॅडम, एका पालकांचं काहीतरी म्हणणं होतं. आम्हाला वाद वाढवायचा नव्हता."

वाद वाढवायचा नव्हता म्हणून शिफारसपत्र दिलं, आणि तो माणूस आता माझ्या दारात उभा होता. मी फोनवरच्या माणसाला तिथंच सांगितलं की पॉक्सोच्या कलम 19 प्रमाणे अशी माहिती पोलिसांना देणं बंधनकारक आहे, आणि संस्थाप्रमुखानं ती दडवली तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. फोन बंद झाला. त्या तरुणाला मी घेतलं नाही. 1098 या बालमदत क्रमांकावर जे ऐकलं ते तसंच कळवलं, माझा अंदाज न मिसळता. तो दोषी होता असं मी म्हणत नाही. त्या पालकांचं म्हणणं कुणीतरी नीट ऐकून, तपासून घ्यायला हवं होतं; ते मुलासाठी गरजेचं होतं आणि त्या तरुणासाठीही. अनुभवपत्रातल्या त्या दोन गुळगुळीत ओळींनी दोघांनाही वाऱ्यावर सोडलं.

कागद पूर्ण झाल्यावरही आमच्याकडे काही गोष्टी पाळल्या जातात. मोठं माणूस मुलासोबत बंद खोलीत एकटं राहत नाही. शौचाला नेताना, कपडे बदलताना दुसरी बाई दिसेल एवढ्या अंतरावर असते. व्हॅनमध्ये ड्रायव्हरबरोबर मावशी असतात, शेवटचं मूल उतरेपर्यंत. चित्रकलेचा वर्ग व्हरांड्यात भरतो.

नेहरूनगर, स्मृतीनगर, जुनवानी भागातल्या आम्ही काही पाळणाघर आणि बालवाडी चालवणाऱ्या बायकांनी ठरवलं आहे की एकमेकींचा फोन आला तर दोन प्रश्नांची सरळ उत्तरं द्यायची: माणूस का गेला, आणि तुम्ही त्याला परत घ्याल का. बऱ्याच जणी देतात. मोठ्या शाळांच्या ऑफिसातून मात्र अजून "अनुभवपत्रात सगळं लिहिलंय" एवढंच ऐकायला मिळतं. तिथं मी प्रश्न लिहून, तारीख घालून पत्र देते आणि पोच घेते. पोच देताना काही जण पत्र पुन्हा एकदा वाचतात.