खांबावरची पाच बोटे

माउली, स्पेनमध्ये सांतियागो येथे संत याकोबाचे जुने मंदिर आहे. १०७५ साली बांधायला घेतलेले. जाड भिंती, अर्धगोल कमानी. तिथेही माणसे शेकडो मैल पायी येतात, आपल्यासारखीच. पाठपिशवीला शिंपला बांधलेला, टाळ मात्र नाहीत. मातेओ या शिल्पकाराने उभारलेल्या देवडीत एक नक्षीचा खांब आहे. पोहोचलेल्या प्रत्येकाने त्यावर हात टेकावा, असे शतकानुशतके चालले, आणि दगडात पाच बोटांच्या खळग्या पडल्या. आता खांब जपायचा म्हणून हात लावू देत नाहीत. मला ते रुचले नाही. एवढे चालून लांबूनच पाहायचे? पदस्पर्शाची सवय आपल्याला! मग नामदेव पायरी आठवली. तिच्यावर तर आपणच पाय देत नाही, ओलांडून जातो. शेजारच्या थकल्या बाईने हात पुढे केला, हवेतच थांबवला आणि छातीशी नेला. मी हात जोडले.