दगडाला धरून राहणारे मासे

“पाणी कसलं आहे तुमच्याकडे? कॉर्पोरेशनचं की बोअरचं?”

मासा कोणता हवा, टाकी केवढी, खर्च किती करणार, यातलं काहीच त्या दुकानदाराने विचारलं नाही. बोअरचं म्हणताच तो टेट्रांच्या टाकीसमोरून उठला आणि मला थेट मागच्या भिंतीपाशी घेऊन गेला. “मग आफ्रिकन ठेवा. दुसरे मासे त्या पाण्यात जगतील, हे खुलतील.”

बोअरच्या पाण्याविषयी कुणी चांगलं बोललेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, केस राठ होतात, बादलीला आतून पांढरा थर चढतो. दख्खनच्या काळ्या पाषाणातल्या भेगांतून मुरत येताना ते कॅल्शियम-मॅग्नेशियम सोबत घेतं, एवढंच. आणि समुद्रापलीकडच्या एका सरोवरातल्या माशांना हेच पाणी मानवतं, हे कळल्यावर टाकी घ्यायची की नाही हा प्रश्न माझ्यापुरता मिटला.

ते सरोवर मलावी. मुंबईहून पणजी गाठावी एवढी त्याची लांबी, जवळपास ५८० किलोमीटर, आणि खोली सातशे मीटरच्या आसपास. पूर्व आफ्रिकेची भूमी जिथे उभी चिरत चालली आहे, त्या खचदरीत साठलेलं ते पाणी. काठाकाठाच्या खडकांत एंबुना नावाचे मासे राहतात, चार-पाच इंचांचे, निळे, पिवळे, पट्ट्यापट्ट्यांचे. एका खडकाळ पट्ट्यावर एक वस्ती, दुसऱ्यावर दुसरी, मधे वाळूचं मैदान. ते मैदान मासा सहसा ओलांडत नाही. उघड्यावर आडोसा नसतो आणि खरवडून खायला दगडावरचं शेवाळ नसतं. मग पलीकडच्या खडकावरचे भाऊबंद पिढ्यान्‌पिढ्या वेगळे राहतात, त्यांचा रंग बदलत जातो आणि कधीतरी जातच निराळी होते. जगात इतरत्र कुठेही नाहीत अशा शेकडो जाती त्या एका सरोवरात घडल्या. दक्षिण टोकाला केप मॅक्लिअरपाशी जे राष्ट्रीय उद्यान आहे, त्याला युनेस्कोने १९८४ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा दिला तो मुख्यतः या माशांसाठी. माशांसाठी राखलेलं उद्यान ही गोष्टच मला फार मोलाची वाटते.

तेव्हा आधी दगड. खाणीवरून काळा पाषाण आणला, ब्रशने घासला, उन्हात वाळवला. टाकीतल्या पाण्यात हा दगड जाणवण्याइतकं काही सोडत नाही, आणि आमच्या पाण्यात आणखी काही सोडायची गरजही नाही. ज्यांच्या नळाला धरणाचं मऊ पाणी येतं ते फिल्टरमध्ये शिंपल्यांचा चुरा किंवा संगमरवराची खडी घालतात. दगड थेट तळावर, काचेला इजा होऊ नये म्हणून खाली फक्त एक जाड प्लास्टिकची शीट, आणि वाळू सगळ्यात शेवटी. कारण हे मासे तोंडाने वाळू उपसतात. वाळूवर रचलेली रास त्यांनी खालून पोखरली तर कोसळते आणि काच जाते. प्रत्येक कपारीला दोन तोंडं ठेवली. पाठलाग झालेल्या माशाला पलीकडून निसटता आलं पाहिजे. चार फूट लांब, दीड रुंद, दीड उंच टाकीत नुसतं पाणीच अडीचशे किलोचं होतं. त्यावर हे दगड. फॅब्रिकेटरकडून लोखंडी अँगलचा स्टँड करून घेतला. प्लास्टिकचे किल्ले आणि निळी खडी मला आवडत नाहीत. ओला काळा पाषाण आणि त्यापुढून गेलेला पिवळा मासा, याहून अधिक सजावट कशाला हवी?

यानंतर टाकी महिन्याहून अधिक काळ रिकामी चालवावी लागते. घरी येणारा प्रत्येक जण मासे कुठे विचारतो. पण या काळात टाकीत जे वसत असतं ते डोळ्यांना दिसत नाही. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया सुटतो. काही जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. फिल्टरच्या स्पंजवर या दोघांची वस्ती बसेपर्यंत मासे सोडणं म्हणजे त्यांना विषात सोडणं. आफ्रिकन टाकीत तर अधिकच, कारण पीएच सातवरून आठवर गेला की अमोनियाचा विषारी भाग सुमारे दहापट होतो. त्यांना सुखाचं असलेलं पाणीच गाफील माणसाच्या हातून त्यांचा घात करतं. मी रोज चिमूटभर खाणं रिकाम्या पाण्यात टाकत होते आणि थेंबांच्या चाचणीचे रंग बघत होते. रिकाम्या टाकीचा हा काळ मला मनापासून आवडला.

मासे निवडताना मोह होतो तो ‘असॉर्टेड’ लिहिलेल्या टाकीचा. स्वस्त, रंगीत, सगळ्या जाती एकत्र. त्यांतले कितीतरी संकरित असतात. जे वेगळेपण घडायला वाळूची मैदानं आणि हजारो पिढ्या लागल्या, ते एका टाकीत पुसलं जातं, म्हणून ते मी घेतले नाहीत. यलो लॅब घेतले आणि रस्टी, जांभळट तपकिरी रंगाचे, सरोवराच्या दक्षिण भागातल्या बेटांभोवतीचे. रस्टीकडे दुकानात कुणी वळून बघत नाही, पण संध्याकाळच्या तिरप्या उजेडात त्याच्या अंगावरून जी छटा सरकते तिच्यापुढे निळेजर्द मासे मला भडक वाटतात. ऑरेटस नावाचा एंबुना कितीही देखणा असला तरी पहिल्या टाकीत नको. त्याचा नर बाकीच्यांना जगू देत नाही. सगळी पिल्लं एकाच दिवशी सोडली, म्हणजे आधी येऊन कपार बळकावणारा कुणी उरत नाही. एका नरामागे तीन-चार माद्या असाव्यात, आणि गर्दी थोडी जास्तच असावी. गर्दीत भांडकुदळाला एकाच्याच मागे लागता येत नाही. खाणं शेवाळाचं, स्पिरुलिनाचं. ट्युबिफेक्ससारखं जड खाणं या शेवाळखाऊंच्या लांब आतड्याला सोसत नाही, पोट फुगून मासा जातो.

पुढे एका यलो लॅब मादीने खाणं सोडलं. हनुवटी खाली उतरलेली, तोंड मिटलेलं, सारखी हळूच चघळल्यासारखी हालचाल. तिच्या तोंडात अंडी होती. घालताक्षणी ती उचलून घेते. नराच्या खालच्या परावर अंड्यांसारखेच पिवळे ठिपके असतात, त्यांना टोचायला जाते तेव्हा अंडी तोंडातच फळतात. मग जवळजवळ तीन आठवडे ती जेवत नाही.

हे आपल्याकडेही घडतं, रोजच. भिगवणला रस्त्याकडेच्या हॉटेलात जी उजनीची चिलापी तळून मिळते ती याच सिक्लिड कुळातली, आफ्रिकेचीच. चिलापी म्हणजे तिलापिया; भारतात ती पहिल्यांदा आणली गेली १९५२ मध्ये. तीही पिल्लं तोंडातच सांभाळते.

पण सिक्लिडांचं कुळ मला आधी दाखवलं ते काळुंदरीने, आणि काळुंदर इथलीच, कुणी आणलेली नाही. माझं आजोळ गोव्यात, चोडण बेटावर. मामाची खाजनात शेती होती. खाडीला बांध, बांधात मानस, म्हणजे लाकडी दारांची मोरी. भरतीच्या दाबाने दार मिटतं, ओहोटीला उघडतं. पावसाळ्यात आत भात, एरवी खारं पाणी आणि मासळी. ओहोटीला मानशीच्या तोंडाशी जाळं लावायचं आणि त्यात कोळंबी, शेवटे, काळुंदर मिळायची. रवा लावून तळलेल्या काळुंदरीसाठी आम्ही भावंडं भांडायचो. एका सुट्टीत बांधाच्या आतल्या उथळ पाण्यात मामाने मला बोट दाखवलं. दोन काळुंदरी, हिरवट काळपट, अंगावर मोत्यांसारखे ठिपके, एका बुडालेल्या दगडाभोवती फिरत होत्या. दगड घासून स्वच्छ केलेला, त्यावर अंडी चिकटवलेली. एक पराने वारा घालायची, दुसरी राखण करायची. माझी सावली पडली तशी राखणारी माझ्याच दिशेने चालून आली. पुढे कधीतरी तिथेच पिल्लांचा ढग दिसला, दोघांच्या मधोमध. पिल्लं मधूनच आईबापाच्या अंगाला तोंड लावून मागे सरत. त्यांच्या अंगावरचा बुळबुळीत स्राव ती खातात, हे मी नंतर वाचलं. त्या दिवसांत मामा तिथे जाळं टाकत नसे आणि दुसऱ्यालाही टाकू देत नसे.

काळुंदरीचे सर्वांत जवळचे नातलग आफ्रिकेत नाहीत, मादागास्करमध्ये आहेत. भारत आणि मादागास्कर सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी विलग झाले. काही अभ्यासक म्हणतात, मासे त्या भूमीबरोबरच वाटले गेले. काहींच्या मते ही ताटातूट त्यानंतरची आहे, म्हणजे कुणीतरी समुद्र पार केला. माझं मन दुसऱ्या बाजूला जातं. एंबुनाला चार हात वाळू ओलांडवत नाही; पण मी पाहिलेली काळुंदर पावसाच्या गोड्या पाण्यात आणि उन्हाळ्याच्या खाऱ्या पाण्यात सारखीच रमते.

परवा हे सगळं मामाला सांगितलं. त्याने नकाशा मागितला, मादागास्कर कुठे ते नीट बघितलं. आफ्रिकेच्या इतक्या जवळ असून तिथला मासा आपल्या काळुंदरीचा सोयरा, हे त्याला फार आवडलं.

“तिथे काय म्हणतात त्याला?”

“दांबा.”

“खातात?”

“खातात की.”