गोदावरीची विहीर

नाशिकच्या आमच्या जुन्या घरातील आड बुजवावा आणि तेथे मोटार ठेवण्याची सोय करावी, असे आम्हा भावंडांचे जवळजवळ ठरले होते. नळ आल्यापासून आडावर फळ्या पडल्या होत्या, रहाट मोडला होता. आईने त्याला होकारही दिला नाही आणि नकारही. तिने इतकेच म्हटले, "मला एकदा कुंभकोणमला ने."

तिच्या मनातील धागा मला तेव्हा उमगला नाही. गुरू सिंह राशीत आला की गोदाकाठी सिंहस्थ भरतो. त्याच योगावर, बारा वर्षांनी, कावेरीकाठच्या कुंभकोणमला महामहमचे स्नान असते. २०१६ साली २२ फेब्रुवारीस ते झाले. परंतु १९९२ सालच्या महामहमात चेंगराचेंगरी होऊन पन्नासच्या आसपास माणसे दगावली होती. म्हणून पर्वणी टाळून आम्ही एका साध्या दिवशी गेलो.

महामहम तलाव सहा एकरांहून थोडा मोठा आहे. काठावर सोळा मंडप आहेत. तंजावरच्या नायक राजांचे मंत्री गोविंद दीक्षितर यांनी ते बांधविले. तलावाच्या पोटात विहिरी असून कुणाला देवतेचे, तर कुणाला नदीचे नाव आहे. लोकांनी नद्यांत टाकलेली पापे धुण्यासाठी गंगा, यमुना, गोदावरी आदी नऊ नद्या स्वतः येथे स्नानाला येतात, अशी श्रद्धा आहे. उत्तर काठावरील काशीविश्वनाथाच्या देवळात या नऊजणींच्या मूर्ती आहेत.

आई पायरीवर उभी राहून तलाव न्याहाळत होती. तलाव भरलेला होता. विहीर एकही दिसेना. शेजारी एक वृद्ध गृहस्थ बसले होते. आमचे बोलणे ऐकून ते तंजावरी मराठीत बोलू लागले. व्यंकोजीराजांच्या वेळी आलेल्या घराण्यांची ती भाषा. काही शब्द आम्हांला कळले, काही कळले नाहीत. त्यांनी पाण्याकडे बोट दाखवून गोदावरीची जागा सांगितली.

"पण दिसत तर नाही," मी म्हणालो.

आई म्हणाली, "झाकली आहे म्हणून आटली का रे?"

मी गप्प झालो.

नंतर आम्ही कुंभेश्वर आणि शार्ङ्गपाणी ही देवळे पाहिली. शार्ङ्गपाणीच्या समोरील रस्त्यावर गणिती रामानुजन यांचे लहानसे घर आता संग्रहालय म्हणून जपले आहे. जवळच्या दारासुरमला बाराव्या शतकातील चोळांचे ऐरावतेश्वर मंदिर आहे. आईने सारे कौतुकाने पाहिले. पण रात्री खोलीवर ती तलावाबद्दलच बोलत राहिली. तिची सासू पहाटे आडाचे पाणी ओढताना "गोदामाई" म्हणून पहिला पोहरा देवाला ठेवीत असे, ही गोष्ट मी त्या रात्री प्रथम ऐकली.

घरी आल्यावर भावांना मी सारे सांगितले. धाकट्याने कुरकुर केली, पण ऐकले. फळ्या काढल्या, आठवडाभर माणसे लावून गाळ उपसला, पागोळ्यांचे पाणी आडाकडे वळविले. तळाशी झरा जिवंत होता.

मोटार अजून रस्त्यावरच उभी असते. पहिला पोहरा मात्र आईनेच ओढला.